दूरचे संगणक आणि सामाईक जोडण्या



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असे काहीतरी मी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, मागून आणलेल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा मी आजचा विषय कळविला, त्यावर एका चालकांनी काळजीने विचारले, "हे लोकांना कळेल काय?" मी म्हटले, "मला कळले आहे, मग लोकांना का कळू नये?" ह्या भरवशावर मी आपल्यापुढे उभा आहे.

हा विषय मी हौसेने शिकलो नाही, तो माझ्या गळ्यात पडला. आमच्या युनियनमध्ये घरोघर जेवण पोचविणाऱ्या मुलांची एक शाखा आहे. ह्या मुलांच्या फोनवर ऑर्डर येते, ती 'स्वीकारली' असे बोटाने दाबून कळवावे लागते. तीस सेकंदांत कळविले नाही तर कंपनीचा संगणक त्या मुलाच्या नावापुढे 'नकार' अशी नोंद करतो. आठवड्यात ठराविक संख्येहून अधिक नकार झाले की त्याचे रेटिंग घसरते आणि आठवड्याचा इन्सेंटिव्ह जातो. इन्सेंटिव्ह हा शब्द शोभेचा आहे. त्यातच पेट्रोलचा खर्च निघत असतो.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ही मुले कचेरीत आली. तक्रार अशी की, दुपारी ते बटण दाबतात, फोनवर चक्र फिरत राहते, आणि थोड्या वेळाने 'आपण ऑर्डर नाकारली' असा निरोप येतो. कंपनीचे म्हणणे असे की, मुलांच्या फोनला रेंज नसते किंवा लांबची ऑर्डर नको म्हणून ती मुद्दाम गप्प बसतात. आमच्या धंद्यात अशा वेळी एकच उपाय असतो, आणि तो म्हणजे वही. मी प्रत्येकाला सांगितले की, चक्र फिरले की तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी वह्या एकत्र मांडल्या तेव्हा दिसले की, शहराच्या चार टोकांना असलेल्या मुलांचे नकार एकाच मिनिटांत पडले होते. सकाळी एकही नाही. दुपार चढू लागली की सुरू, आणि मग एकदम थांबलेले. रविवारी ते लवकर सुरू होत. चार टोकांची रेंज एकाच मिनिटाला जात नाही, आणि चार टोकांची मुले एकाच मिनिटाला आळशीही होत नाहीत.

ह्या वह्या आम्ही बोलणीच्या टेबलावर ठेवल्या. कंपनीच्या बाजूने एक तरुण इंजिनिअर मुलगी बसली होती. तिने वह्या बराच वेळ चाळल्या आणि म्हणाली, "काका, मला दोन दिवस द्या." दोन दिवसांनी तिने जो दोष दाखविला तो समजून घेण्यासाठी मला पुढले वर्ष खर्च करावे लागले. त्या वर्षाचा सारांश आज सांगतो, आणि शेवटी पुन्हा वहीकडे येतो.

प्रथम दूरची हाक म्हणजे काय ते पाहू. मोठ्या कंपनीचे सारे काम एका संगणकावर होत नाही. एक संगणक फोनवरून आलेले निरोप घेतो, दुसरा ऑर्डरींचे वाटप सांभाळतो, तिसरा पैशांचा हिशेब ठेवतो. पहिल्याला दुसऱ्याकडून काही करून हवे असेल तर तो तारेवरून निरोप धाडतो, दुसरा काम करतो आणि उत्तर परत येते. ह्याला रिमोट प्रोसिजर कॉल म्हणतात. प्रोसिजर म्हणजे नेमून दिलेले काम, आणि ते दूरच्या संगणकाला हाक मारून करवून घ्यावयाचे. ही कल्पना पक्की करून सविस्तर मांडली ती अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन ह्या दोघांनी. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात त्यांनी हे काम केले आणि १९८४ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दूरचे काम आणि आपल्याच संगणकातले काम ही दोन्ही सारखीच दिसावीत, हा त्यांचा हेतू होता. मध्ये निरोप बांधणे, पाठविणे, सोडणे ही सारी हमाली वेगळ्या तुकड्यांकडे सोपवावयाची.

ह्या सोयीबरोबर एक भूलही येते. शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारली तर तो 'हो' म्हणेल किंवा 'नाही' म्हणेल. दूरच्या माणसाला हाक मारल्यावर तिसरीही गोष्ट घडू शकते, ती ही की काहीच ऐकू येत नाही. हाक पोचलीच नाही, की पोचून काम झाले पण उत्तर वाटेत हरवले, हे हाक मारणाऱ्याला बसल्या जागी कळू शकत नाही. बिरेल आणि नेल्सन ह्यांनी हे मान्यच केले होते. उत्तर आले तर काम नेमके एकदा झाले असे समजावे. उत्तर आले नाही तर काम एकदा झाले असेल किंवा मुळीच झाले नसेल, असे त्यांच्या योजनेत स्पष्ट आहे. श्रोतेहो, हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे. आमच्या मुलांचे पैसे ह्याच वाक्यात अडकले होते.

आता तारेकडे वळू. हाक मारण्यापूर्वी दोन संगणकांमध्ये जोडणी व्हावी लागते. माझ्या वयाच्या लोकांना ट्रंक कॉल आठवत असेल. नंबर नोंदवून ठेवायचा, घंटा वाजण्याची वाट पाहायची, 'हॅलो, ऐकू येतंय का' असे दोन-तीन वेळा ओरडायचे, आणि मग मुद्द्याचे बोलणे एका मिनिटात आटपायचे. संगणकांचेही जवळजवळ असेच चालते. प्रथम एक म्हणतो, 'बोलू का?' दुसरा म्हणतो, 'बोल, मीही बोलू ना?' पहिला म्हणतो, 'हो.' ह्या तीन निरोपांनी जोडणी उभी राहते. त्यानंतर कोणी मध्ये ऐकू नये म्हणून गुप्त किल्ल्यांची देवघेव होते. तिला २०१८ सालच्या नव्या पद्धतीत एक आणि त्याआधीच्या पद्धतीत दोन जाण्यायेण्याच्या फेऱ्या लागतात. एवढे झाल्यावर खरा प्रश्न जातो आणि खरे उत्तर येते.

ह्या फेऱ्यांना वेळ किती लागतो? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. म्हणजे कितीही चांगले यंत्र आणले तरी जाऊन येण्याच्या एका फेरीला निदान ३९ मिलिसेकंद लागणारच. समुद्राखालची केबल सरळ रेषेत नसते, म्हणून प्रत्यक्षात अधिक. प्रत्येक हाकेसाठी नवी जोडणी केली तर नव्या पद्धतीनेसुद्धा एका फेरीच्या कामाला तीन फेऱ्या पडतात. दोन्ही संगणक एकाच इमारतीत असले तर अंतराचा खर्च जातो, पण किल्ल्यांचे गणित आणि नोंदी ठेवण्याचा व्याप राहतोच.

आणखी एक अडचण आहे. प्रत्येक बाहेर जाणाऱ्या जोडणीला एक क्रमांक लागतो, त्याला पोर्ट म्हणतात. लिनक्स नावाच्या व्यवस्थेत ह्यासाठी सामान्यतः ३२,७६८ पासून ६०,९९९ पर्यंतचे, म्हणजे २८,२३२ क्रमांक राखून ठेवलेले असतात. जोडणी संपली तरी, ज्या बाजूने ती आधी बंद केली त्या बाजूला तो क्रमांक ६० सेकंद अडवून ठेवला जातो, कारण वाटेत रेंगाळलेला जुना निरोप चुकून नव्या जोडणीत शिरू नये. २८,२३२ ला ६० ने भागा. एका संगणकाला दुसऱ्या एका ठिकाणाशी अशा रीतीने सेकंदाला सुमारे ४७० हून अधिक नव्या जोडण्या सतत करता येत नाहीत. पुढच्याला क्रमांकच मिळत नाही.

ह्यावरचा उपाय कुणाही व्यवहारी माणसाला सुचेल. जोडण्या एकदाच कराव्यात, काम झाले तरी तोडू नयेत, एका जागी ठेवाव्यात, लागेल त्याने घ्यावी आणि काम होताच परत ठेवावी. अशा साठ्याला पूल म्हणतात. नदीवरचा पूल नव्हे. सामाईक साठा ह्या अर्थाचा हा इंग्रजी शब्द आहे, आणि मुंबईच्या गोदीत तो संगणकाच्या पुष्कळ आधी आलेला आहे.

गोदीचे उदाहरण मुद्दाम देतो. पूर्वी जहाज आले की गोदीच्या दाराशी माणसांची गर्दी व्हायची, मुकादम त्यांतून हवे ते उचलायचा, आणि जहाज रिकामे झाले की ती माणसे पुन्हा रस्त्यावर. रोज नवी निवड, रोज नवी जोडणी. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला आणि १९५१ साली मुंबईत गोदी कामगार मंडळ स्थापन झाले. कामगारांची नोंदणी झाली, राखीव कामगारांचा पूल झाला, पाळीपाळीने काम मिळू लागले, आणि काम नसलेल्या दिवशी हजर राहिल्याबद्दल काही रक्कम ठरली. पुलातील माणूस रिकामा बसला तरी त्याचा खर्च असतो, आणि पुलात माणसे कमी पडली तर जहाज खोळंबते. ह्या दोहोंमध्ये आकडा कुठे धरायचा, ह्यावर मंडळात सरकार, मालक आणि कामगार ह्यांचे प्रतिनिधी एकत्र बसत. जोडण्या ही निर्जीव वस्तू, तिला पोट नाही. हा फरक मी विसरत नाही. पण प्रश्न तेच आहेत. पुलात किती ठेवावयाच्या? मोकळी नसेल तर किती वेळ थांबावयाचे? परत आली की नाही हे कोण पाहणार? कामाची राहिली आहे की नाही हे कसे कळणार?

आता जावास्क्रिप्ट ह्या भाषेचा स्वभाव सांगितला पाहिजे, कारण त्या कंपनीचा निरोप घेणारा प्रोग्रॅम ह्याच भाषेत होता. ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक ह्यांनी तयार केली, ती इंटरनेटवरील पाने हलतीबोलती करण्यासाठी. पुढे २००९ साली रायन डाल ह्यांनी नोड नावाची व्यवस्था आणली आणि ही भाषा सर्व्हरवर, म्हणजे मागच्या बाजूच्या मोठ्या संगणकांवर काम करू लागली.

बँकेत खिडकीवरचा कारकून एका वेळी एकच माणूस पाहतो. साहेबांची सही होऊन येईपर्यंत तो आणि पुढचा माणूस दोघेही थांबतात. अनेक भाषांत परंपरेने असेच चालते आणि म्हणून दहा-वीस कारकून बसवावे लागतात. जावास्क्रिप्टमध्ये मुख्य कारकून एकच असतो, पण तो थांबत नाही. सही येणार आहे ना, मग तो कागद बाजूला ठेवून पुढच्याला घेतो. सही आली की बाजूचा कागद उचलून काम पुरे करतो. ह्या बाजूला ठेवण्याला त्या भाषेत अवेट असा शब्द आहे. एकच कारकून असे हजारो कागद एकाच वेळी चालू ठेवू शकतो.

हा गुण आहे, पण त्यातून एक गोष्ट निघते. दहा कारकून होते तेव्हा एकाच वेळी दहाहून अधिक हाका जाऊच शकत नव्हत्या. कारकुनांची संख्या हाच लगाम होता. इथे तो लगाम नाही. एका क्षणात दोन हजार मुलांनी बटण दाबले तर हा एकटा कारकून दोन हजार दूरच्या हाका मारण्यास निघतो. नोडमध्ये वेबच्या नेहमीच्या जोडण्या सांभाळणारा एक एजंट असतो. एकाच वेळी किती जोडण्या करावयाच्या ह्याची मर्यादा कुणी घालून दिली नाही तर तो 'अमर्याद' असे धरतो. केलेली जोडणी पुन्हा वापरण्याची सवयसुद्धा त्याला आपोआप लागली ती २०२२ सालच्या १९ व्या आवृत्तीपासून. तोपर्यंत ती मुद्दाम सांगावी लागे. सारांश, ह्या भाषेत पुलाचा आकडा कुणीतरी माणसाने विचार करून लिहावा लागतो. तो लिहिला नाही तर पलीकडचा संगणक गर्दीने कोसळतो.

मग आकडा किती लिहावा? ह्याला गणित आहे आणि ते तोंडी करता येते. सेकंदाला २०० हाका असतील आणि प्रत्येक हाकेला उत्तर येण्यास ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग लागत असेल, तर कोणत्याही क्षणी सरासरी दहा जोडण्या गुंतलेल्या असतात. दोनशे गुणिले एक-विसांश बरोबर दहा. अमेरिकेतील जॉन लिटल ह्यांनी ह्या नियमाची सिद्धता १९६१ साली प्रसिद्ध केली. पण सरासरी दहा म्हणून दहाच ठेवल्या तर फसगत होते, कारण माणसे सरासरीने येत नाहीत, झुंडीने येतात. ह्या झुंडीचे गणित त्याहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ आग्नर एर्लांग ह्यांनी १९०९ पासून ते मांडले आणि १९१७ साली त्याची सूत्रे दिली. तार मोकळी नसेल तर माणूस निघून जातो असे धरले, तर सरासरी दहा गुंतणाऱ्या कामाला दहा तारा ठेवल्यास शंभरांतील सुमारे एकवीस जणांना तार मिळत नाही. वीस ठेवल्यास हजारांतील सुमारे दोघांना मिळत नाही.

त्याच सूत्राने आणखी एक हिशेब करा. ह्या वीस तारा दोन खात्यांत दहा-दहा वाटून दिल्या आणि कामही निम्मेनिम्मे वाटले, तर हजारांतील अठरा जणांना तार मिळत नाही. सामाईक ठेवल्या तर दोन, वाटून घेतल्या तर अठरा. तारा तेवढ्याच, काम तेवढेच. पूल का करावा ह्याचे ह्याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही. मात्र एक सावधगिरी हवी. मोठ्या कामाला एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रती चालवितात आणि प्रत्येक प्रतीचा पूल वेगळा असतो. बारा प्रती आणि प्रत्येकीला वीस, म्हणजे पलीकडे २४० जोडण्या येऊन पडतात. पलीकडची सोय दोनशेंची असेल तर चाळीस जणांना दार बंद. हा गुणाकार करावयाचे विसरणारे बरेच असतात.

दुसरा भ्रम असा की, रांग लागली की पूल वाढवावा. पलीकडचा संगणक मंद झाला आणि ५० च्या जागी ५०० मिलिसेकंद घेऊ लागला असे धरा. वीस जोडण्यांतून आता सेकंदाला फक्त ४० हाका निघतात, येतात मात्र २००. दर सेकंदाला १६० जण रांगेत वाढतात. दहा सेकंदांत १,६००. अशा वेळी जोडण्या वाढविणे म्हणजे दमलेल्या हमालाच्या डोक्यावर आणखी एक पोते ठेवणे होय. रांगेला लांबीची मर्यादा हवी आणि थांबण्याला वेळेची. मर्यादा संपली की 'आज जमत नाही' असे स्पष्ट सांगून परत पाठवावे. रांगेत उभे करून काहीच न सांगणे हे सर्वांत वाईट.

आता परत ठेवण्याविषयी. वाचनालयाचे पुस्तक जसे वाचून झाल्यावर परत करावयाचे, तशीच जोडणी काम होताच परत करावयाची. प्रोग्रॅममध्ये तीन ओळी असतात: पुलातून जोडणी घे; हाक मार आणि उत्तराची वाट पाहा; जोडणी परत ठेव. सारे सुरळीत असेल तर तीनही ओळी चालतात. पण दुसऱ्या ओळीत चूक उद्भवली, म्हणजे पलीकडून 'हे काम होत नाही' असे उत्तर आले, तर जावास्क्रिप्टमध्ये कारकून तिसऱ्या ओळीकडे येतच नाही. तो थेट चुकीचा बंदोबस्त जिथे लिहिला असेल तिथे उडी घेतो. जोडणी त्याच्या हातातच राहते आणि पूल समजतो की ती अजून कामावर आहे. ह्याला गळती म्हणतात. उपाय त्या भाषेतच आहे. फायनली ह्या शब्दाखाली जे लिहावे ते चूक होवो वा न होवो, चालतेच. परत ठेवण्याची ओळ तिथे लिहावयाची, एवढीच गोष्ट.

त्या कंपनीत एवढीच गोष्ट राहून गेली होती. निरोप घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या चार प्रती, प्रत्येकीत वीस जोडण्या. एखाद्या उपाहारगृहाने ऑर्डर रद्द केलेली असताना एखाद्या मुलाने ती स्वीकारली, की वाटपाचा संगणक चुकीचे उत्तर देई आणि एक जोडणी गळे. रोज पहाटे प्रोग्रॅम नव्याने सुरू होई, म्हणून सकाळ स्वच्छ. ऑर्डरी रद्द होत होत दुपारपर्यंत ऐंशीच्या ऐंशी गळून जात. मग मुले बटण दाबीत, निरोप पुलाच्या रांगेत उभा राही, आणि रांगेला वेळेची मर्यादा नव्हती. इकडे वाटपाचा संगणक तीस सेकंद मोजून 'नकार' लिहून टाकी. मुलांच्या फोनवर ऑर्डर येण्याचा रस्ता वेगळा होता, तो चालूच होता. म्हणून ऑर्डरी येत राहत आणि नकार पडत राहत. शेवटी कुणीतरी कंटाळून प्रोग्रॅम बंद करून चालू करी, आणि ती वेळ आमच्या वह्यांत 'एकदम थांबले' म्हणून उमटलेली होती. रविवारी गर्दी जास्त, रद्द होणे जास्त, म्हणून गळती लवकर पुरी होई.

जोडणी परत आली तरी ती जिवंत आहे की नाही हा प्रश्न उरतोच. रिकामी जोडणी पलीकडचा संगणक फार काळ धरून ठेवत नाही. नोडच्या वेब सर्व्हरची नेहमीची मुदत पाच सेकंदांची असते. पलीकडच्याने तोडली आणि त्याच क्षणी इकडच्याने तिच्यावर हाक मारली, तर हाक मेलेल्या तारेवर जाते. म्हणून इकडची मुदत पलीकडच्या मुदतीपेक्षा कमी ठेवावी, म्हणजे टाकून देण्याचे काम आपल्याकडे राहते. तरीही कधी ना कधी हाक फुकट जाणारच. मग पुन्हा मारावी काय? 'शिल्लक किती?' हे दोनदा विचारले तर बिघडत नाही. 'ह्याला शंभर रुपये दे' हे दोनदा सांगितले तर दोनशे जातात. अशा हाकेला एक क्रमांक द्यावा, म्हणजे पलीकडचा ओळखतो की हे काम आपण केलेले आहे.

नव्या पद्धतींनी ह्यांतील काही प्रश्न हलके केले आहेत. २०१५ साली एचटीटीपी ह्या बोलण्याच्या रीतीची दुसरी आवृत्ती ठरली आणि त्याच वर्षी गूगलने जीआरपीसी हे दूरच्या हाकेचे साधन सर्वांना खुले केले, ते तिच्यावरच उभे आहे. हीत एकाच जोडणीवरून अनेक हाका एकदम जातात. प्रत्येकीला क्रमांक असतो, म्हणून उत्तरे कोणत्याही क्रमाने आली तरी चालते. मग पूल लागत नाही काय? पुष्कळदा एकच जोडणी पुरते. पण एका जोडणीवर एकाच वेळी किती हाका चालवावयाच्या ह्याला सर्व्हर मर्यादा घालतो, बऱ्याच ठिकाणी ती शंभर असते. पुढच्या हाका इकडेच थांबतात. तेव्हा काम मोठे असेल तर अशा दोन-चार जोडण्यांचा लहानसा पूल करावा लागतो. दुसरे असे की, जोडणी दीर्घकाळ टिकली की ती एकाच संगणकाला चिकटते. पलीकडे गर्दी वाढली म्हणून दोन नवे संगणक आणले तरी जुन्या जोडण्या जुन्यांकडेच जात राहतात. जुने दमतात आणि नवे रिकामे बसतात. म्हणून ठराविक वय झालेली जोडणी निवृत्त करून नवी करावी लागते. रीत नवी झाली तरी किती, कुठवर आणि कोणाकडे हे प्रश्न माणसानेच सोडवावयाचे राहतात.

आता वहीकडे येतो. त्या मुलीने गळती तीन ओळींत बुजविली आणि रांगेला दोन सेकंदांची मर्यादा घातली. कंपनीचे लोक म्हणाले, प्रश्न मिटला. आम्ही म्हटले, यंत्राचा मिटला, पैशांचा नाही. गळती ही एका माणसाची विसर होती. ती कुणाच्याही हातून होते, आणि त्याबद्दल आमचा कुणावर राग नव्हता. पण उत्तर आले नाही तर ते 'नकार' समजावे आणि त्याचा भुर्दंड मुलाने सोसावा, ही विसर नव्हती. तो कुणीतरी विचारपूर्वक लिहिलेला नियम होता. दूरच्या हाकेत उत्तर न येण्याचे दोन अर्थ असतात हे १९८४ सालापासून छापलेले आहे. ह्या नियमाने त्यांतला एकच घेतला, आणि तोही कंपनीच्या सोयीचा.

बोलणी पाच बैठका चालली. शेवटी ठरले ते असे. 'नाकारली' आणि 'उत्तर आले नाही' ह्या दोन नोंदी वेगळ्या ठेवावयाच्या, आणि दुसरीवरून कुणाचेही पैसे कापावयाचे नाहीत. ज्या मुलांच्या वह्यांत वेळ लिहिलेली होती त्यांचे त्या सहा आठवड्यांचे पैसे मिळाले. ज्यांनी वही ठेवली नव्हती त्यांचे मिळाले नाहीत. पहाटे प्रोग्रॅम नव्याने सुरू झाला की कंपनीच्या संगणकातील पुलाची नोंद पुसली जात होती, म्हणून दुसरा पुरावाच नव्हता. त्यांतले एक-दोघे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. वही ठेवा हे मी त्यांना आणखी जोराने सांगावयास हवे होते.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांना पूल लिहावा लागणार नाही. पण रेशनच्या दुकानात, रुग्णालयाच्या नोंदणीत, मुलांच्या प्रवेशाच्या अर्जात आपण सारे कुठल्या ना कुठल्या पुलाच्या रांगेत उभे असतो. चक्र फिरत राहिले आणि मागाहून 'आपण मुदतीत अर्ज केला नाही' असे उत्तर आले, तर गप्प बसू नये. वेळ लिहून ठेवावी, शेजाऱ्याची वेळ विचारावी, आणि कचेरीत जाऊन चार गोष्टी विचाराव्यात: एका वेळी किती जणांची सोय होती, जागा नसेल तेव्हा किती वेळ थांबविले, त्याची नोंद कुठे आहे, आणि उत्तर न येणे हे कुणाच्या नावावर लिहिले. ह्या चार प्रश्नांना इंजिनिअर होण्याची गरज नाही. पलीकडे बसलेला इंजिनिअर प्रामाणिक असेल तर त्याला हे प्रश्न आवडतातच, असा माझा अनुभव आहे.